ऑक्सिजन शेवटी पोचतो कुठे

ऑक्सिजनचा रेणू संथ पाण्यात आपोआप पसरत किती वेळात किती अंतर जाईल, याचं गणित सोपं आहे. वैद्यकाच्या, नर्सिंगच्या किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघावं. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कापायला त्याला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. १० मायक्रॉनला साधारण २५ मिलिसेकंद. एक मिलिमीटरला मात्र चार मिनिटं. १० सेंटिमीटरला महिना. आणि छातीपासून पायापर्यंतचं अंतर एक मीटर धरलं, तर जवळजवळ आठ वर्षं! अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, म्हणून हे आकडे असे अंगावर येतात.

अमीबाला हृदय नसतं, फुप्फुस नसतं, आणि त्याचं काही अडत नाही, कारण त्याचं सगळं शरीरच इतकं लहान असतं की ऑक्सिजन आपोआप पसरत सगळीकडे वेळेत पोचतो. आपल्यातली जवळजवळ प्रत्येक पेशीही अशाच छोट्या पल्ल्यावर जगते. तिला ऑक्सिजन मिळतो तो विसरणानेच, म्हणजे असा आपोआप पसरूनच, दुसरी कुठली युक्ती तिच्याकडे नाही. मग लाखो कोटी पेशींचा देह उभा करायचा तर हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर मायक्रॉनमध्ये हवं, रक्त आणि पेशी यांच्यातलं अंतर मायक्रॉनमध्ये हवं, आणि मधला मीटरभराचा पल्ला रक्ताला वाहवत नेऊन संपवायला हवा. पहिलं अंतर फुप्फुस सांभाळतं, दुसरं केशवाहिन्या, आणि मधला पल्ला हृदय.

आपल्याकडे अभ्यासक्रमाची मांडणी अशी असते की ‘जनरल फिजिऑलॉजी’ म्हणून पेशी, पेशीपटल, त्यातले पंप आणि मायटोकॉन्ड्रिया हे सगळं सुरुवातीलाच शिकवून संपतं. त्यावर परीक्षेला फार गुण नसतात, म्हणून ते घाईने वाचलं जातं. हृदय आणि श्वसन येतं तेव्हा पेशी मागे पडलेली असते, आणि मग आलेख, आकडे, सूत्रं पाठ करावी लागतात. माझं ठाम मत आहे की हे तीन विषय एकत्रच वाचावेत. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या कुठल्याही प्रश्नाला ‘असं का?’ असं दोनदा विचारलं की उत्तर कुठल्या तरी पेशीत, बहुतेक वेळा तिच्या पटलावरच्या एखाद्या प्रथिनात सापडतं.

सुरुवात एका कागदाने करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. त्यात ऑक्सिजनचा वाटा २१ टक्के, म्हणजे सुमारे १६०. श्वासनलिकेपर्यंत येताना हवा ओली होते, पाण्याच्या वाफेचे ४७ मिलिमीटर त्यातून जातात आणि ऑक्सिजनचा दाब १५० वर येतो. वायुकोशात तो १०० असतो, कारण तिथून रक्त सतत ऑक्सिजन उचलत असतं आणि कार्बन डायऑक्साइड आणून टाकत असतं. रोहिणीतल्या रक्तात ९५. ऊतींतल्या द्रवात ४०. पेशीच्या आत सरासरी २० ते २५. आणि मायटोकॉन्ड्रियाला काम चालू ठेवायला फक्त १ ते ३ मिलिमीटर पुरतात. हे आकडे एकाखाली एक लिहून भिंतीला लावले तर श्वसनाचा निम्मा अभ्यास नजरेसमोर राहतो. ऑक्सिजन या उतारावरून आपसूक खाली येतो. वाटेत त्याला कोणी ढकलत नाही.

ही गोष्ट आज साधी वाटते, पण शंभर वर्षांपूर्वी यावर मोठा वाद होता. कोपनहेगनचे ख्रिश्चन बोर यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ मानत की फुप्फुसाच्या पेशी स्वतः शक्ती खर्च करून ऑक्सिजन रक्तात सोडतात. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी क्रोग यांनी १९१० मध्ये काटेकोर मोजमापं करून दाखवलं की निव्वळ विसरण पुरेसं आहे. पुढे १९२० मध्ये ऑगस्ट क्रोग यांना नोबेल मिळालं ते स्नायूंतल्या केशवाहिन्यांवरच्या कामासाठी. उताराच्या वरच्या टोकाला विसरण पुरतं हे त्यांनी दाखवलं, आणि मग खालच्या टोकाला ते कसं पुरवलं जातं याच्या मागे लागले. एकाच प्रश्नाची ही दोन टोकं आहेत.

आता एक वायुकोश अगदी जवळून बघू. आपल्या दोन फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश आहेत आणि त्यांच्या भिंती पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर भरतील, म्हणजे ऐसपैस टू बीएचके फ्लॅटएवढ्या. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा सरासरी ०.६ मायक्रॉनचा. त्यात हवेच्या बाजूला द्रवाचा पातळ थर, मग टाइप वन नावाच्या अतिशय चपट्या पेशी, आधाराचा पापुद्रा आणि केशवाहिनीची स्वतःची पेशी, इतकं सगळं मावतं. टाइप वन पेशींनी ९५ टक्के पृष्ठभाग व्यापलेला असतो. त्यांच्या अधेमधे, कोपऱ्याला, घनाकृती टाइप टू पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या वाट्याला आलेली जागा थोडी, पण त्यांच्यावाचून आपण एक श्वासही नीट घेऊ शकणार नाही.

कारण ओल्या पृष्ठभागाला ताण असतो आणि तो ताण वायुकोश मिटवायला बघतो. कोश जितका लहान तितका तो जोरात मिटू पाहतो. १९२९ मध्ये कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी फुप्फुसात हवेऐवजी द्रव भरून पाहिला तेव्हा ते फुगवायला खूपच कमी दाब पुरला, म्हणजे खरा विरोध या ओल्या पृष्ठभागाच्या ताणाचा होता. टाइप टू पेशी यावर उपाय करतात. मेद आणि प्रथिनं मिळून झालेला सरफॅक्टंट नावाचा पदार्थ त्या आपल्या आतल्या पदरदार कणांत साठवतात आणि बाहेर सोडतात. तो पाण्यावर पसरला की ताण उतरतो. गर्भात या पेशी उशिरा तयार होतात, साधारण चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत त्यांचं काम पुरतं मार्गी लागतं. त्याआधी जन्मलेलं बाळ प्रत्येक श्वासाला मिटलेले कोश नव्याने उघडत राहतं आणि थकून जातं. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं की अशा बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ कमी असतो. तरीही उपाय हाती यायला वेळ होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये याच आजाराने दोन दिवसही जगला नाही. १९७२ मध्ये न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की बाळंतपण लवकर होण्याची चिन्हं असताना आईला स्टिरॉइड दिलं तर बाळाच्या या पेशी लवकर कामाला लागतात. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही अशा आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं, आणि नवजात अतिदक्षता विभागात गरज पडली तर बाळाच्या श्वासनलिकेतून सरफॅक्टंट सोडतात. पुस्तकात हा रोग श्वसनाच्या प्रकरणात छापलेला असतो. मुळात तो एका जातीच्या पेशीच्या वयात येण्याचा प्रश्न आहे.

पडदा ओलांडला की ऑक्सिजन तांबड्या पेशीत शिरतो. ही पेशी साडेसात-आठ मायक्रॉन रुंद आणि केशवाहिनी अनेकदा पाच मायक्रॉनची, म्हणून ती दुमडून, भिंतीला घासत पुढे सरकते. हे घासणं उपयोगाचं, त्यामुळे मधलं अंतर आणखी कमी होतं. फुप्फुसातल्या केशवाहिनीत ती पाऊण सेकंद असते आणि त्यातल्या पहिल्या एक तृतीयांश वेळातच भरून घेते. उरलेला वेळ ही शिल्लक आहे. गड चढताना रक्त तिप्पट वेगाने वाहू लागतं तेव्हा निरोगी माणसाला ती शिल्लक कामी येते. ज्याच्या फुप्फुसाचा पडदा आजाराने जाड झालाय तो बसल्या जागी ठीक असतो आणि दोन जिने चढला की त्याचा ऑक्सिजन उतरतो, त्याचं कारण हेच.

तांबड्या पेशीने केंद्रक टाकून दिलंय, मायटोकॉन्ड्रियाही टाकून दिल्यात. म्हणजे जी पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहते ती त्यातला स्वतःसाठी वापरत नाही. तिचं भागतं ते ग्लुकोज अर्धवट मोडून, रेणूमागे जेमतेम दोन एटीपी मिळवून. याच मोडतोडीच्या वाटेवर तिच्यात २,३-बीपीजी नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. पहिल्या महिन्यात ग्लायकोलिसिस पाठ करताना कंटाळा येतो तिथेच पुढच्या कितीतरी गोष्टींचं उत्तर लपलेलं असतं: उंच प्रदेशात गेल्यावर हा पदार्थ वाढतो, रक्तपेढीत साठवलेल्या रक्तात तो घटत जातो, आणि गर्भाच्या हिमोग्लोबिनला तो नीट चिकटत नाही, म्हणून वारेत गर्भ आईकडून ऑक्सिजन ओढून घेऊ शकतो.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनच्या चार जागा असतात. पहिली भरली की रेणूचा आकार बदलतो आणि पुढच्या जागा अधिक सहज भरतात. मॅक्स पेरुट्झ यांनी वर्षानुवर्षं क्ष-किरणांनी या रेणूचा आकार उलगडला आणि १९६२ चं नोबेल मिळवलं. या आकारबदलामुळे ऑक्सिजनचा आलेख सरळ रेषेत न जाता वळण घेतो. दाब १०० असताना हिमोग्लोबिन ९७ टक्के भरलेलं, दाब ६० वर आला तरी ९० टक्के. पण तिथून पुढे घसरगुंडी: ४० ला ७५ टक्के, २७ ला निम्मं. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ९४, ९२, ९० या आकड्यांनी लोकांची झोप उडवली. त्या भीतीला या वळणाचा आधार होता. ९७ चे ९० होईपर्यंत फुप्फुसातला दाब कितीतरी उतरलेला असतो आणि यंत्र ते पुरतं सांगत नाही, तर ९० च्या खाली थोड्याशा बिघाडानेही आकडा कोसळतो.

आता मीटरभराचा पल्ला. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे ढकलतं, दिवसाला लाखभर ठोके देतं, आणि त्या प्रत्येक ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या भागातून होते. ती जागा कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये शोधली. तिथल्या पेशींना स्वस्थ बसता येत नाही. त्यांच्या पटलातून सोडियम हळूहळू आत झिरपत राहतं, विद्युतदाब चढत जातो, ठरावीक पातळी आली की ठोका पडतो, आणि पुन्हा झिरपणं सुरू. नाडी मोजताना आपण खरं म्हणजे या झिरपण्याचा वेग मोजत असतो.

ठोक्याची लाट स्नायूपेशीत पोचल्यावर आकुंचन कशाने होतं, याचा शोध लंडनच्या नळाच्या पाण्याने लावून दिला. युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डॉक्टर सिडनी रिंगर १८८२-८३ च्या सुमारास बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते आणि ते तासन्‌तास धडधडत होतं. पुढे लक्षात आलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलं नव्हतं, त्यासाठी शहराच्या नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय लवकरच थांबलं. नळाच्या पाण्यात काय जास्त आहे हे शोधत रिंगर कॅल्शियमपर्यंत पोचले. किंचित कॅल्शियम घातलं की थांबलेलं हृदय पुन्हा आकुंचन पावू लागे. दवाखान्यात ‘आरएल लावा’ म्हणतात त्यातला आर तो हाच रिंगर.

आज आपल्याला यातली प्रत्येक पायरी माहीत आहे. विद्युतलाटेने पटलातली दारं उघडतात, थोडं कॅल्शियम आत येतं, ते आतल्या साठ्यातलं आणखी कॅल्शियम मोकळं करतं, ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं आणि तंतू एकमेकांवर सरकतात. मग पंप ते कॅल्शियम परत साठ्यात भरतात आणि स्नायू सैल पडतो. भरण्यालाही एटीपी लागतं, म्हणजे हृदयाला सैल पडायलासुद्धा शक्ती लागते. आकुंचनाचा जोर शाबूत असूनही पुरेसं सैल न होणाऱ्या हृदयाचा रोगी धापा का टाकतो, ते यावरून कळतं.

डिजॉक्सिनचं उदाहरणही इथेच बसतं. हे औषध ज्या डिजिटॅलिस वनस्पतीतून येतं, तिचा सूज उतरवणारा गुण विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये लिहून ठेवला. ते काम कसं करतं हे कळायला १९५७ मध्ये येन्स स्को यांना सोडियम-पोटॅशियम पंप शोधावा लागला. डिजॉक्सिन हा पंप मंदावतं, पेशीत सोडियम साचतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जायचं प्रमाण घटतं, आणि पुढचा ठोका जोराचा पडतो. ज्याने पेशीपटलाचं प्रकरण नीट वाचलंय त्याला हे औषध पाठ करावं लागत नाही.

हृदयाचा आणखी एक गुण मला फार विलक्षण वाटतो. उजव्या निलयाने दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त एक मिलिलिटर रक्त जास्त फेकलं, तर ७० ठोक्यांच्या हिशेबाने तासाभरात चार लिटरपेक्षा जास्त रक्त फुप्फुसात तुंबेल. शरीरात रक्त आहे सगळं मिळून पाच लिटर. असं घडत नाही, कारण निलयात जास्त रक्त आलं की त्याचे तंतू ताणले जातात, ताणलेले तंतू कॅल्शियमला जास्त दाद देतात, आणि तो ठोका आपोआप जोराचा होतो. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. दोन्ही बाजूंचा हा मेळ मेंदूला विचारून होत नाही. तो प्रत्येक पेशीतल्या तंतूंच्या लांबीत ठरतो, म्हणून प्रत्यारोपण केलेलं, नसा तुटलेलं हृदयही तो पाळतं.

रक्त केशवाहिनीत पोचलं. काम करणाऱ्या स्नायूत आम्ल, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेलं असतं, आणि या तिन्हींनी हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. १९०४ मध्ये बोर यांनी कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम मांडला. ऑक्सिजन पेशीत उतरतो, मायटोकॉन्ड्रियात जातो, आणि तिथे सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराच्या हाती पडून इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि पाणी होतो. इतक्या लांबच्या प्रवासाचं काम एवढंच, इलेक्ट्रॉन स्वीकारणं. पण कोणीतरी ते स्वीकारत राहतं म्हणून मागची सगळी साखळी चालू राहते, आणि त्या साखळीच्या जोरावर मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन साठत जातात. साठलेले प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून येतात आणि ते यंत्र खरोखर गरगर फिरतं. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत वरून पडणारं पाणी जातं फिरवतं, तसंच इथे प्रोटॉन चाक फिरवतात आणि दळण म्हणून एटीपी निघतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा फार थोड्यांनी ती मानली. त्यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं आणि १९९७ मध्ये बॉयर आणि वॉकर यांना या फिरत्या यंत्रासाठी. त्याच वर्षीच्या नोबेलचा उरलेला अर्धा वाटा सोडियम पंपाच्या स्को यांचा होता. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनीच भरलेला असतो.

सगळा रस्ता एकदा डोळ्यांसमोर आला की आजार कुठे बसलाय ते ओळखता येतं. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू राहिला की अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दर हिवाळ्यात आपल्याकडे अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. फुप्फुस शाबूत, हृदय शाबूत, पण वाहणारी जागाच अडलेली. आणि साधा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, कारण दोन रंगांच्या प्रकाशावर चालणाऱ्या त्या यंत्राला हे लाल रक्त ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. अशा रोग्याच्या बोटावरचा आकडा बघून निर्धास्त राहणं जिवावर बेतू शकतं. ॲनिमियात आकडा खरा असतो, तरी अपुरा. हिमोग्लोबिन १५ चं साडेसात झालं तर प्रत्येक १०० मिलिलिटर रक्तात २० ऐवजी १० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, टक्केवारी मात्र ९८ च राहते. भारतातल्या निम्म्याहून अधिक बायका ॲनिमिक आहेत. धाप आणि थकवा घेऊन येणाऱ्या बाईच्या छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला म्हणजे तिची तक्रार खोटी ठरत नाही. आणि सायनाइडमध्ये तर बिघाड अगदी शेवटच्या पायरीवर असतो. सायटोक्रोम ऑक्सिडेज अडतं, पेशी ऑक्सिजन घेऊ शकत नाहीत, त्यामुळे नीलेतलं रक्तसुद्धा लालभडक राहतं. फोम आणि प्लास्टिक जळणाऱ्या आगीच्या धुरात हे विष असतं.

एवढं वाचून वाटेल की पेशी फक्त घेणारी आहे. पण हुकूम तीच सोडते. काम वाढलेल्या स्नायूतून ॲडेनोसिनसारखे पदार्थ बाहेर येतात आणि जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, कॅरोटिड रोहिणीच्या फाट्यापाशी, काही पेशींच्या पटलातली पोटॅशियमची दारं ऑक्सिजन कमी झाला की मिटतात, त्यातून मेंदूला संदेश जातो आणि श्वास वाढतो. आणि दीर्घ मुदतीची तजवीज मूत्रपिंडात होते. तिथल्या पेशींत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि ऑक्सिजन पुरेसा असला की लगेच मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की ते मोडायचं थांबतं, केंद्रकात जाऊन एरिथ्रोपोएटिनचा जनुक जागा करतं, आणि अस्थिमज्जेत नव्या तांबड्या पेशी घडू लागतात. सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल या शोधासाठी मिळालं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसात हे संप्रेरक पुरेसं बनत नाही. त्याचं हिमोग्लोबिन उतरत जातं आणि चार पावलांत दम लागतो. म्हणून डायलिसिसला येणाऱ्या बऱ्याच रुग्णांना एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन नियमित द्यावं लागतं.